निम्म्यांची संसद

१७ जुलै १९७९ या दिवशी स्ट्रासबर्गच्या सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीवर ८६ वर्षांच्या लुईझ वाइस बसल्या होत्या. वयानं सर्वांत ज्येष्ठ सदस्यानं पहिली बैठक चालवायची, म्हणून तो मान त्यांच्याकडे आला. १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून ही बाई पॅरिसच्या रस्त्यांवर उतरली होती. तो हक्क १९४४ साली मिळाला, तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. आणि त्या दिवशी सभागृहानं अध्यक्ष म्हणून निवडलं सिमोन वेय यांना. सोळाव्या वर्षी पकडून नेलेली, आउश्वित्झमधून जिवंत परतलेली, हातावर तिथला नंबर गोंदलेली बाई. नऊ देशांच्या मतदारांनी थेट निवडून दिलेली ही पहिली युरोपीय संसद. तोवर आपापल्या देशाच्या संसदेनं पाठवलेले लोक तिथे बसत. आता ४१० जण लोकांची मतं घेऊन आले होते.

युरोपीय संसदेबद्दल कुणी काही बोललं की मला आधी हे चित्र आठवतं. त्यामुळे या संसदेबद्दल मी तटस्थ नाही, हे सांगून टाकते. तीस वर्षांत दोनदा एकमेकांची लाखो माणसं मारणारे देश एका छताखाली बसतात आणि कायद्यावर हात वर करून मतं देतात, यापरतं मोठं काम गेल्या शतकात फार झालेलं नाही. म्हणूनच त्या संसदेला मत द्यायला निम्मे लोक घराबाहेर पडत नाहीत, हे मला सलतं.

आकडे एकदा बघून घेऊ. १९७९ साली मतदान ६१.९९ टक्के झालं. पुढे १९८४ साली ५८.९८, १९८९ साली ५८.४१, १९९४ साली ५६.६७. १९९९ साली गाडी निम्म्याच्या खाली घसरली, ४९.५१. मग ४५.४७, मग ४२.९७. २०१४ साली संसदेनं ‘या वेळी गोष्ट वेगळी आहे’ अशी जाहिरात केली होती. निकालाच्या रात्री ४३.०९ टक्के जाहीर झाले. घसरण थांबली म्हणून पुढारी खूश झाले. काही आठवड्यांनी अंतिम आकडा आला, ४२.६१. म्हणजे घसरण थांबलेली नव्हतीच. सलग सात निवडणुका टक्का खाली येत गेला.

याच काळात संसदेची ताकद मात्र वाढत होती. सुरुवातीला ती बहुतेक बाबतीत नुसता सल्ला देई. अंदाजपत्रकावर थोडाफार अधिकार, एवढंच. १९८७ साली कायद्यांमध्ये तिचा शिरकाव झाला, १९९३ साली मास्ट्रिख्ट करारानं तिला मंत्र्यांच्या परिषदेच्या बरोबरीनं कायदे करण्याचा अधिकार काही विषयांत मिळाला आणि २००९च्या लिस्बन करारानंतर तीच नेहमीची पद्धत झाली. हिंजवडीत काम करणाऱ्या प्रत्येकानं केव्हा ना केव्हा जीडीपीआरचं, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याच्या युरोपीय कायद्याचं, सक्तीचं ट्रेनिंग उरकलेलं असतं. तो कायदा या संसदेनं २०१६ साली संमत केला आणि पंचवीस मे २०१८ पासून तो लागू झाला. सगळ्या फोनना एकच टाइप-सी चार्जर लागतो, हेही तिथल्याच मतदानातून आलं. युरोपात फिरताना रोमिंगचं बिल येत नाही, तेही.

१९९९ सालची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. त्या मार्चमध्ये जाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालच्या संपूर्ण युरोपीय आयोगाला घोटाळे आणि वशिलेबाजीच्या आरोपांवरून राजीनामा द्यावा लागला. संसदेच्या रेट्यामुळे हे घडलं. युरोपचं जे काही सरकार म्हणायचं, ते लोकांच्या प्रतिनिधींनी घरी पाठवलं. तीन महिन्यांनी निवडणूक झाली आणि मतदान पहिल्यांदाच पन्नास टक्क्यांच्या खाली गेलं. ब्रिटनमध्ये तर जेमतेम २४ टक्के. संसदेनं आपली ताकद दाखवली आणि लोक घरी बसले.

याचं एक उत्तर कार्लहाइन्त्स राइफ आणि हेर्मान श्मिट या दोन अभ्यासकांनी पहिल्या निवडणुकीनंतर लगेच, १९८० साली देऊन ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की ही निवडणूक लोकांच्या लेखी दुय्यम आहे. कोण राज्य करणार याचा फैसला इथे होत नाही. म्हणून लोक कमी येतात. जे येतात ते आपल्याच देशातल्या सरकारवरचा राग काढतात, आणि एरवी ज्यांना मत दिलं नसतं अशा लहान पक्षांना मतं देतात. चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण या मांडणीला फारसा धक्का लागलेला नाही. ९ जून २०२४च्या रात्री युरोपीय निवडणुकीचे निकाल आले आणि मॅक्राँ यांनी तासाभरात फ्रान्सची राष्ट्रीय विधानसभा बरखास्त केली. मतदान झालं स्ट्रासबर्गच्या संसदेसाठी आणि कोसळली पॅरिसची. त्या रात्री टीव्हीवर स्ट्रासबर्गमध्ये आता काय होणार याची चर्चा ऐकायला मी थांबले होते. ती फार थोडी झाली.

माझा स्वतःचा या निवडणुकीशी संबंध आला तो २३ मे २०१९ ला. तेव्हा मी लंडनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात भाड्यानं राहत होते. भारतात त्याच दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. तिकडे सकाळी आठला मोजणी सुरू झाली तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजले होते, आणि इथली मतदान केंद्रं सातला उघडेपर्यंत दिल्लीचा कल स्पष्ट झालेला होता. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे फेरीवार आकडे पडत होते. ब्रिटननं खरं तर २९ मार्चलाच युरोपीय संघातून बाहेर पडायचं होतं. ते लांबलं, आणि ज्या संसदेतून निघून जायचं ठरलेलं आहे तिच्यासाठी ७३ खासदार निवडायची वेळ आली.

मतदान चर्चच्या हॉलमध्ये होतं. टेबलामागे दोन वयस्क बायका. एकीनं नाव-पत्ता विचारला, दुसरीनं यादीवर पट्टी ठेवून माझ्या नावावर सरळ रेघ ओढली. ओळखपत्र तेव्हा लागत नसे. बोटाला शाई नाही. हातभर लांब मतपत्रिका मिळाली, ती घेऊन प्लायवुडच्या आडोशाला गेले. तिथे दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल. पक्षांची नावं, प्रत्येकाखाली त्या पक्षानं ठरवून दिलेल्या क्रमानं उमेदवार. तो क्रम आपल्याला बदलता येत नाही. पक्षासमोर एक फुली मारायची की झालं. त्यातलं एकही नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं, आणि मी वर्तमानपत्र वाचणारी बाई आहे.

बाहेर आले तर बाबांचा फोन. लोकसभेच्या निकालावर बोलून झाल्यावर मी सांगितलं, आत्ताच मतदान करून आले.

‘‘तिकडे कसलं गं मतदान?’’

मी सांगितलं.

‘‘मग तुमचे लोक जास्त आले तर पंतप्रधान कोण होणार?’’

‘‘पंतप्रधान नसतो, बाबा. आयोगाचा अध्यक्ष असतो. तो सगळ्या देशांचे पंतप्रधान मिळून सुचवतात, मग संसद त्याला मान्यता देते.’’

‘‘मग तू कुणाला निवडलंस?’’

बाबांनी सगळी हयात सावंतवाडीत शिक्षकी केली. निवडणुकीच्या ड्युटीवर रात्रीबेरात्री मतपेट्या सांभाळल्या, पावसात चिखल तुडवत केंद्रावर पोचले. मताबद्दल त्यांचा प्रश्न उगाच नसतो. त्या दिवशी मला त्यांना धड उत्तर देता आलं नाही.

घरी आले तर जिन्यात आंटी भेटल्या. आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या, मूळच्या मडगावकडच्या. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. लिस्बनला जन्माची नोंद करायची आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार इंग्लंडात आले. स्विंडनमध्ये तर त्यांची वस्तीच आहे. आंटीही अशाच आलेल्या. विमानतळाजवळच्या एका किचनमध्ये पहाटेच्या पाळीला जायच्या. पाळीवरून थेट मतदान केंद्रावर गेल्या होत्या आणि तिथून परत आल्या होत्या.

‘‘म्हाका वोट मारूंक दिलें ना गो.’’

झालं असं होतं. युरोपातल्या दुसऱ्या देशाच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये या निवडणुकीत मत द्यायचं असेल तर नुसतं मतदार यादीत नाव असून भागत नसे. ‘मी फक्त इथेच मत देईन, माझ्या देशात देणार नाही’ असा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागे. दोनदा मतदान होऊ नये यासाठी ती व्यवस्था. फॉर्मची शेवटची तारीख ७ मे होती. आणि ब्रिटनमध्ये ही निवडणूक नक्की होणार हे सरकारनं जाहीर केलं ७ मेलाच. आंटींना त्या फॉर्मबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी देशभर अशी कितीतरी माणसं केंद्रावरून परत गेली.

मला मात्र कसलाही फॉर्म भरावा लागला नव्हता. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या सगळ्या निवडणुकांत मत देता येतं, आणि त्यात युरोपीय संसदेचीही निवडणूक होती. म्हणजे युरोपची नागरिक असलेली बाई हात हलवत परत आली आणि युरोपशी नागरिकत्वाचं कसलंच नातं नसलेली मी तिची संसद निवडून आले. आंटी रागावल्या नव्हत्या. पाय दुखत होते, झोपायचं होतं. मला वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

माझ्या त्या मतामागे एक खटला आहे, तो मला नंतर कळला. स्पेनच्या दक्षिण टोकाला ब्रिटनच्या ताब्यात असलेल्या जिब्राल्टरमधल्या डेनिस मॅथ्यूज या बाईंनी १९९४च्या युरोपीय निवडणुकीसाठी मतदार यादीत नाव घालायला अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला, कारण जिब्राल्टरला ब्रिटननं या निवडणुकीत धरलंच नव्हतं. युरोपचे कायदे तिथे लागू होत, पण ते करणारी संसद निवडायचा हक्क नव्हता. बाई युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये जिंकल्या. न्यायालयानं सांगितलं, की युरोपीय संसद हे खरंखुरं विधिमंडळ आहे आणि त्यासाठी मत देण्याचा हक्क नाकारता येणार नाही. २००४ साली जिब्राल्टरनं पहिल्यांदा मतदान केलं. मग स्पेननं तक्रार केली, की तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांनाही मत देऊ दिलं, ते तर युरोपचे नागरिक नाहीत. २००६ साली युरोपीय संघाच्या न्यायालयानं स्पेनची तक्रार फेटाळली. कुणाला मताधिकार द्यायचा, हे ठरवायला सदस्य देशांना बरीच मोकळीक आहे, असा त्याचा सारांश. एक बाई मतासाठी पाच वर्षं कोर्टात लढली. आणि जे तिनं लढून मिळवलं, ते मिळूनही अर्धा युरोप घरी बसतो.

पण घरी बसणाऱ्याला दोष देण्याआधी टक्केवारी म्हणजे काय ते नीट बघायला हवं. तो आकडा दिसतो तेवढा साधा नाही. बेल्जियममध्ये दर वेळी नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदान होतं, कारण तिथे मत देणं कायद्यानं सक्तीचं आहे. ग्रीसमध्येही कायद्यात सक्ती आहे, पण ती कुणी राबवत नाही. २०२४ साली तिथे ४१ टक्क्यांच्या आसपास लोक आले. पोर्तुगालचं उदाहरण तर आमच्या आंटींच्या दारातलं आहे. परदेशात राहणाऱ्या पोर्तुगीज नागरिकांची नावं मतदार यादीत आपोआप घालायचं २०१८ साली ठरलं. यादी एकदम फुगली. २०१९च्या युरोपीय निवडणुकीत परदेशातल्या चौदा लाखांवर मतदारांपैकी एक टक्का लोकही वकिलातीपर्यंत पोचले नाहीत. पोर्तुगालचा एकूण टक्का ३१च्या खाली गेला, त्यात हाही वाटा आहे. कुणाचं काही मत बदललं नव्हतं. छेद मोठा झाला होता. आंटींसारखी माणसं कधी इकडच्या यादीत नाकारली जातात, कधी तिकडच्या यादीत ‘गैरहजर’ म्हणून मोजली जातात. आणि मग स्टुडिओत बसून कुणीतरी म्हणतं, लोकांना लोकशाहीची पर्वा राहिली नाही.

स्लोव्हाकिया बघा. मे २००३ मध्ये युरोपीय संघात जायचं की नाही यावर तिथे सार्वमत झालं. ५२ टक्के लोक आले आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. वर्षभरानं युरोपीय संसदेची निवडणूक झाली, तिला १७ टक्के लोक आले. २०१४ साली तर १३.०५. तेरा खासदार आणि तेरा टक्के मतदान. हे लोक वर्षभरात युरोपवर रुसले होते का? तसं काही दिसत नाही. सार्वमतात त्यांना एक प्रश्न विचारला होता आणि त्यांच्या उत्तरानं देशाचं पुढलं सगळं ठरणार होतं. पुढच्या वर्षी त्यांना काय विचारलं जातंय, हेच त्यांना कळेना.

ब्रिटनमध्ये हेच उलट्या दिशेनं घडलं. युरोपीय संसदेसाठी तिथे मतदान कधी चाळीस टक्क्यांपर्यंतही पोचलं नाही. मी गेले त्या दिवशीही ३७ टक्केच. पण २३ जून २०१६ ला ‘राहायचं की निघायचं’ विचारलं, तेव्हा ७२ टक्के लोक मत द्यायला आले. म्हणजे युरोप हा विषय लोकांना नको होता असं नाही.

आंटींच्या आईवडिलांनी असंच एक मतदान केलं होतं. १६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. ऐंशी टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि दोन पानं जिंकली. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या अनेकांना तो निकाल आवडला नाही, पण तो गोंयकारांनी दिलेला नाही असं कुणाला म्हणता आलं नाही. सालाझारच्या पोर्तुगालखाली ज्यांनी मोकळं मतदान कधी पाहिलंच नव्हतं, ती माणसं मुक्तीनंतर सहा वर्षांच्या आत इतक्या संख्येनं केंद्रावर गेली.

त्यामुळे टक्का कमी म्हणजे वैधता कमी, हे गणित मला पटत नाही. आपल्याकडचं १९७७ साल घ्या. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत मतदान ६०.४९ टक्के झालं. युरोपच्या १९७९च्या आकड्यापेक्षाही थोडं कमीच. पण त्या निवडणुकीच्या वैधतेवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. कारण त्या निकालानं सरकार गेलं होतं. खुद्द पंतप्रधान रायबरेलीत हरल्या होत्या. मत दिलं आणि खुर्ची हलली, हे शेतात राबणाऱ्या माणसालाही दिसलं. बाबांचा प्रश्न तोच होता. तुझ्या मतानं कोण येणार आणि कोण जाणार?

जर्मनीच्या घटना न्यायालयानं हेच कायद्याच्या भाषेत सांगितलं आहे, आणि ते वाचून मी बराच वेळ विचारात पडले होते. जर्मनीत लोकसभेसारख्या बुंडेस्टागमध्ये जागा मिळवायला पक्षाला पाच टक्के मतं लागतात, म्हणजे सभागृहाचे तुकडे होऊ नयेत. हीच अट युरोपीय निवडणुकीला होती, ती न्यायालयानं २०११ साली रद्द केली. मग बुंडेस्टागनं तीन टक्क्यांची अट आणली, तीही न्यायालयानं फेब्रुवारी २०१४ मध्ये रद्द केली. कारण काय दिलं? युरोपीय संसदेला सरकार बनवायचं आणि टिकवायचं नसतं, त्यामुळे तिथे लहान लहान पक्ष आले तरी बुंडेस्टागसारखं काही अडत नाही. लहान पक्षांच्या मतदारांवर अन्याय नको, हा विचार चांगलाच आहे. पण त्या निकालातलं हे कारण मला झोंबतं. देशातलं सर्वोच्च न्यायालय सांगतं, की या सभागृहावर कुणाचं सरकार टिकून नाही. मग मतदारानं रविवारची दुपार कशासाठी द्यायची?

याच न्यायालयानं २००९ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. युरोपीय संसदेत मतांचं वजन सारखं नाही. माल्टाला सहा जागा, जर्मनीला ९६. माल्टातला एक खासदार लाखभरापेक्षा कमी लोकांचा प्रतिनिधी, जर्मनीतला आठ लाखांहून जास्त लोकांचा. मला यात फारसं वावगं दिसत नाही. लोकसंख्येच्याच हिशोबानं जागा दिल्या तर माल्टाचा आवाज ऐकूच येणार नाही, आणि लहानांना मोठ्यांनी गिळू नये म्हणूनच तर हे घर बांधलं. न्यायालयाला हे पुरेसं वाटलं नाही. इथे मी न्यायालयाच्या बाजूची नाही.

२०१४ साली एक प्रयत्न झाला, तो मला मनापासून आवडला होता. युरोपातल्या मोठ्या पक्षगटांनी आधीच सांगून टाकलं, की आमच्या जागा जास्त आल्या तर आयोगाचा अध्यक्ष अमुक होईल. कुणी जाँ-क्लोद युंकरचं नाव पुढे केलं, कुणी मार्टिन शुल्झचं. टीव्हीवर वादविवाद झाले. ज्यांच्या जागा जास्त आल्या त्यांचे युंकर झाले अध्यक्ष. टक्का वाढला नाही, पण वाट तरी दिसली. मग २०१९. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मतदान वाढलं, ५०.६६ टक्क्यांवर गेलं. हवामान बदलावरून शाळकरी मुलं रस्त्यावर आली होती, ब्रेक्झिटचा घोळ सगळे बघत होते, उजव्या पक्षांची भीती होती, लोक आले. सर्वांत मोठ्या गटानं मानफ्रेड वेबर यांचं नाव दिलेलं होतं. आणि २ जुलैला सगळ्या देशांच्या प्रमुखांनी बंद खोलीत बसून उर्सुला फॉन डेर लायेन यांचं नाव काढलं. त्या जर्मनीच्या संरक्षणमंत्री होत्या आणि युरोपभरात कुठल्याही मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. १६ जुलैला संसदेनं त्यांना ३८३ मतांनी मान्यता दिली. ३७४ लागत होती.

बाईंच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. अवघड वर्षं त्यांनी निभावली. तक्रार आहे ती त्या सहा आठवड्यांबद्दल. वीस कोटींच्या आसपास माणसं केंद्रावर आली. इतकी वर्षं ज्या टक्क्यासाठी रडत होता, तो लोकांनी वाढवून दिला आणि तुम्ही त्यांना दाखवून दिलंत, की मत मोजलं गेलं पण फैसला दुसरीकडेच झाला. नियमात हे सगळं बसतं. करारात म्हटलंय, की देशप्रमुखांनी निवडणुकीचे निकाल लक्षात घेऊन नाव सुचवावं. लक्षात घेतलं, एवढं म्हणून सुटता येतं. पण संसदेनं त्या दिवशी ‘आमच्यातलाच हवा’ म्हणून नाव परत पाठवलं असतं तर पेच आला असता, आणि तो पेच यायला हवा होता, असं मला अजून वाटतं. १९९९च्या मार्चमध्ये जो कणा दाखवला तो २०१९च्या जुलैत दाखवायची गरज होती.

वेबर यांच्याबद्दलही खरं सांगायचं तर त्यांचं नाव मतपत्रिकेवर होतं ते फक्त बव्हेरियात. त्यांचा पक्ष तेवढ्या एका राज्यातच लढतो. हॅम्बुर्गमधल्या जर्मन माणसालासुद्धा त्यांच्या नावासमोर फुली मारता येत नव्हती, मग लिस्बन आणि हेलसिंकीची गोष्टच सोडा. निवडणूक एका वेळी होते, पण ती आहे सत्तावीस देशांच्या सत्तावीस निवडणुकांची मोळी. कुठे गुरुवारी मतदान, कुठे रविवारी. कुठे सोळाव्या वर्षी मत, कुठे अठराव्या. प्रत्येक ठिकाणी आपले पक्ष, आपली भांडणं.

२०२४ साली टक्का ५०.७४ झाला, म्हणजे जवळपास तिथेच. पण आतले आकडे वर-खाली झाले. क्रोएशियात २१ टक्के, सगळ्यांत कमी. जर्मनीत जवळजवळ ६५. आणि स्लोव्हाकियात ३४.३८, तेरा टक्क्यांवरून दहा वर्षांत इथवर. निवडणुकीच्या तीन-चार आठवडे आधी तिथल्या पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, देश दुभंगलेला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की या वेळी आपण गेलो नाही तर दुसरे जातील.

३ मे २०२२ ला युरोपीय संसदेनं एक ठराव मंजूर केला. प्रत्येक मतदाराला दोन मतं द्यावीत. एक आपल्या देशातल्या जागांसाठी, दुसरं सगळ्या युरोपसाठी सामायिक असलेल्या २८ जागांच्या यादीवर. त्या यादीत सर्वांत वर आयोगाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार असेल आणि माल्टापासून हेलसिंकीपर्यंत तेच नाव मतपत्रिकेवर दिसेल. चारच वर्षं आधी, ब्रिटनच्या रिकाम्या होणाऱ्या जागा अशा यादीला द्याव्यात अशी सूचना आली होती, ती याच संसदेनं फेटाळली होती. म्हणजे त्यांनाही उशिरा का होईना, पटलं. २८ जागांनी सगळं बदलेल असं मी म्हणत नाही. पण ‘तू कुणाला निवडलंस?’ या प्रश्नाला मतदाराकडे निदान एक नाव तरी असेल, आणि ते नाव हरलं तर हरलेलं दिसेल.

हा बदल व्हायचा तर सगळ्या देशांच्या सरकारांनी परिषदेत एकमतानं हो म्हणायला हवं, मग प्रत्येक देशानं आपापल्या रीतीनं त्यावर शिक्का मारायला हवा. अध्यक्ष कोण होणार हे बंद खोलीत ठरवायचा अधिकार आज ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच तो सोडायचा आहे. २०२४ची निवडणूक जुन्याच पद्धतीनं झाली. पुढची २०२९ साली आहे.